धाकटीच्या नावाची किल्ली

—नाही बाई, चोर म्हणू नका. म्हणजे तुमच्या शास्त्रात तो चोरच असेल, मला मान्य आहे. परक्या यंत्रावरून कोणी आमची किल्ली वापरून आत येतो, त्याला काय पाहुणा म्हणायचं? पण बसा ना. ती खुर्ची नको, तिचा पाय डुगडुगतो — ही घ्या. पाणी? बरं, नको तर नको.

तर तुमच्या तपासणीत निघालं ते असं, की आमच्या एजंटला — म्हणजे संगणकातल्या त्या आपणहून कामं उरकणाऱ्या यंत्रमदतनिसाला — दिलेली किल्ली — तुम्ही एपीआय की म्हणता, आम्ही आपली किल्लीच म्हणतो — ती एजंटच्या नावाची नाही, माणसाच्या नावाची आहे. आहे. आणि ते माणूस आता इथे काम करत नाही. नाही करत. माझी धाकटी मुलगी. हा सगळा डोलारा तिनंच उभारला. औषधांची माहितीपत्रकं येतात, एजंट ती भाषांतरकारांना वाटून देतो, परत आली की माझ्यापुढे ठेवतो, मी शेवटचा हात फिरवला की संध्याकाळी छपाईला धाडतो. दर दाराला किल्ली लागते. पहिल्या दिवशी घाईत तिनं आपल्याच नावाची देऊन टाकली. चालतंय ना, मग राहू दे — असंच होतं की नाही सगळीकडे? आणि नियम कोणी लिहिले? तिनंच! किल्ली एजंटच्या सूचनांत लिहू नये, कारण कोणी गोड बोलून विचारलं तर तो बिनदिक्कत सांगून मोकळा होतो. ती संगणकातल्या कुलूपबंद तिजोरीत असावी, कामापुरतीच मिळावी. आणि सोडून गेलेल्याची किल्ली त्याच दिवशी रद्द करावी. 'रद्दबातल' लिहिलं होतं तिनं, 'बातल' मी खोडलं.

मग तिची का नाही केली? विसरलो. लिहा तसं — 'विसरले'.

का गेली, हे तुमच्या अहवालात नाही ना लागत? तसं फार काही नाही. "बाबा, शेवटचा हातही आता एजंटलाच फिरवू द्या, तुमची नजर दगा देते" — चारचौघांत म्हणाली. मी म्हटलं, मग त्यालाच बाप म्हण. संपलं. घराची किल्ली टेबलावर ठेवून गेली. ही ठेवायची राहिली — की ठेवली नाही, कोण जाणे.

बरं, तुमच्या चोरानं नेलं काय? काहीच नाही ना? तेच सांगतोय. हा नेत नाही, दुरुस्त करून जातो. खोकल्याच्या औषधाचं पत्रक होतं. भाषांतरात 'एक चमचा'चे 'दोन चमचे' झाले होते, माझ्या नजरेतून ते तसेच सुटले. छापून आलं तेव्हा पाहतो तर 'एक'. आणि वरचं 'कृपया' गायब! मी प्रत्येक पत्रकात 'कृपया' घालतो, बाई, आणि ती प्रत्येक वेळी काढायची — "आजाऱ्याला विनवण्या कसल्या करता, नीट सांगा." तेव्हा मला कळलं, कोण येऊन गेलं ते. ती चूक खरी होती. तेवढी.

पुढच्या खेपेला एक स्वल्पविराम राहिला. राहिला म्हणजे — ठेवला. आली. दुसऱ्या दिवशी 'कृपया' नव्हतं. मग असल्या बारीकसारीक चुकांना ती येईना. तिलाही तिची कामं असतील. म्हणून जरा मोठी — हो, औषधाच्या कागदावर. मला कळतं. जन्मभर मी दुसऱ्यांच्या चुकांवर जगलो, मला कळणार नाही? रात्री झोप लागते का, विचारा. लागते. हेच तर नवल आहे.

लिहायचं का थांबलात?

आजचंही आहे. गोळी जेवणापूर्वी घ्यायची. मी 'जेवणानंतर' ठेवलंय. अजून तसंच आहे, सकाळपासून चारदा पाहिलं. आणि तुम्ही आता ही किल्ली रद्द करणार. नाही केलीत तर औषधवाले काम काढून घेणार, इथली सगळी माणसं घरी बसणार. म्हणजे करायलाच हवी. एजंटसाठी नवी तयार आहे? त्याच्याच नावाची, तिजोरीत? छान. तिच्या नियमात अगदी चपखल बसतं. तिला आवडलं असतं.

थांबा, ते रद्दचं बटण एवढ्यात दाबू नका. आधी ते पत्रक उघडू द्या — चष्मा कुठे — हं. 'जेवणानंतर'. खोडलं. 'जेवणापूर्वी'. बघा बरं, तुमची नजर तरुण आहे, बरोबर आहे ना? आणि हे वरचं... हे 'कृपया'. हेही काढतो.

हं. दाबा आता.

दाबलंत? काही आवाज नाही होत? साधं कुलूप लागल्याचासुद्धा?

बरं. या तुम्ही. दार ओढून घ्या जाताना.