हॉर्न आणि तवा

(मांजरसुंब्यातलं घर. टेबलावर लॅपटॉप आणि गेमचं स्टिअरिंग, खाली त्याचे पेडल. सोमेश्वर परळीहून फोनवर, स्पीकर चालू.)

सुंदरबाई : हळू गं! ह्यांची गाडी हाय ती.

प्रियदर्शनी : आई, गेममधला ट्रक आहे. अण्णा जिथं सोडून गेले तिथंच उभा आहे. जुन्या लॅपटॉपमधून जसाच्या तसा आणलाय मी.

सुंदरबाई : मग चाक फिरवलं तरी हलंना कावून?

प्रियदर्शनी : लॅपटॉपला चाक दिसतंय, गेमला दिसत नाही. सोमेश, सांग रे तुझ्या मावशीला.

सोमेश्वर : मावशी, ताईनं ह्या खेपेला लिनक्स सिस्टीमवर गेम फ्लॅटपॅकातून घेतला. म्हंजी तो डब्यात बंद हाय. आपण दिल्याबिगर बाहेरचं त्याला काय बी मिळत न्हाई.

सुंदरबाई : म्हंजी पाहुणा ओसरीवर बसवला. पाणी द्यायचं, पर माजघरात घ्यायचा न्हाई.

सोमेश्वर : लई भारी! तेच! ताई, सगळंच उघडून टाक त्याला, मिटला विषय.

प्रियदर्शनी : कॅमेरासुद्धा? नको रे. नुसती इनपुटची, म्हणजे चाक-बटनांची परवानगी देता येते ना आता?

सोमेश्वर : फ्लॅटपॅकच्या नव्या आवृत्तीत येती. बघ तुझ्याकडं हाय का.

प्रियदर्शनी : आहे! थांब, कमांड लिहिते... दिली परवानगी! आई, बस खुर्चीत. फिरव.

सुंदरबाई : मी? ह्यांनी जन्मभर ट्रक चालवला, मला चाकाला शिवू दिलं न्हाई. गुडघे गेल्यावर हे खेळण्यातलं आलं, त्याला बी न्हाई.

प्रियदर्शनी : आणि अण्णा चौफुल्यावर आले की हॉर्न. तू भाकरीला तवा ठेवायचीस.

सुंदरबाई : ट्रक सुटला, ती खोड सुटली न्हाई. ह्या खोलीतनं हॉर्न द्यायचे. मी ठेवायचीच की तवा... अगं, हे हलंना अजून.

सोमेश्वर : गेम बंद करून परत उघडा. परवानगी उघडतानाच लागू होती.

सुंदरबाई : बंद न्हाई करायचा! गाडी गेली म्हंजी? ह्यांच्या हातची तेवढीच उभी हाय.

प्रियदर्शनी : जाणार नाही, आई. वेगळी प्रत काढून ठेवलीय मी. आधी तेच केलं.

सुंदरबाई : माझी शपथ?

प्रियदर्शनी : तुझी शपथ.

सुंदरबाई : कर मग. मी बघत न्हाई.

प्रियदर्शनी : ...उघड डोळे. उघड ना! तिथंच आहे बघ. आता फिरव.

सुंदरबाई : अगं बया! आतलं चाक बी फिरलं!

सोमेश्वर : आलं? आलं का? अरारारा!

प्रियदर्शनी : पाय दे! उजवा! हळू... आई, ब्रेक, ब्रेक!

सोमेश्वर : मावशी, पडली का घाटात?

सुंदरबाई : गप रं! ह्यांच्यापरीस सरळ चालवती मी. पिरू, हे लाल बटन हॉर्नचं ना?

प्रियदर्शनी : हो. दाब की.

सुंदरबाई : दाबलं तर तवा कोण ठेवंल?

प्रियदर्शनी : मी जाते आत. तू दाब.