माशांच्या ताणाची पूड

...नाही, मला एक सांगा, माशाला कसला आलाय ताण? त्याला काय मुलीचं लग्न जमवायचंय, की जिना चढताना गुडघे दुखतात? पाण्यात राहायचं, आयतं खायचं, आणि तरी म्हणे ताण! पण आमच्या डॉक्टरीणबाई, म्हणजे माशांच्या हो, माणसांच्या नव्हे, टाकीत डोकावल्या आणि म्हणाल्या, हे घाबरलेत. मी म्हटलं, बाई, कशावरून, त्याला ना भुवया ना घाम. तर म्हणतात, एका टाकीत बाराशे मासे, सारखं जाळं, लहान-मोठे निवडायला पाण्याबाहेर काढणं, तुम्हाला असं कोंबून ठेवलं तर? आता आमचं घर त्यांनी पाहिलेलं नाही, म्हणून असं विचारतात.

तर एक पूड आली. पांढरी, मैद्यासारखी, त्यात जीवनसत्त्वं आणि आणखी कायकाय. ती तेलात कालवायची, खाद्याच्या गोळ्यांना चोळायची, सावलीत वाळवायची आणि मग टाकीत. करणार कोण? मीच. सव्वीस वर्षं मालकांच्या मत्स्यशेतीवर मासे पोसतोय, आणि तुम्हाला सांगतो, आमच्यात एक रीत आहे, खाद्य टाकीत जायच्या आधी चिमूटभर आपल्या तोंडात. का, तर खवट खाद्य नाकाला फसवतं, जिभेला नाही. माझ्या वस्तादानं शिकवलं, मी एक दिवस चुकवलं नाही. बायको म्हणते, तुमच्या तोंडाला वास येतो. म्हटलं येणारच, तोंडावरच तर नोकरी टिकलीय.

आठ दिवस काही नाही. नवव्या दिवशी खाद्य टाकलं आणि आवाजच आला नाही. अहो, खाद्य पडलं की टाकीत दंगा होतो, आपला शर्ट भिजतो! इथं गोळ्या नुसत्या तरंगतायत आणि मासे खालून बघतायत. मग एकेक वर आला, खाल्लं, आपल्या जागी गेला. मी हात हलवून पाण्यावर सावली पाडली, एक शेपूट हललं नाही. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. उघडतायत, मिटतायत, बाराशे तोंडं, सगळी एकदम... उघड... मीट... उघड... मी विचारलं, काय रे? आणि उत्तराची वाट बघत उभा राहिलो. किती वेळ, ठाऊक नाही. रखवालदार येऊन म्हणाला, काका, सकाळपासून उभे आहात, जेवणाची सुट्टी संपली.

आता अशा वेळी माणूस घाबरतो की नाही? मला काहीच वाटलं नाही. वाईट नाही, बरं नाही, काहीच नाही. आणि आम्ही विचारत होतो, माशाला कसला आलाय ताण!

मी मुळात तापट माणूस. वाण्याशी भांडतो, शेजाऱ्याशी भांडतो, कुणी नसलं तर गळक्या नळाशी. माझी मुलगी दोन वर्षं घरी येत नव्हती. शेवटची आली तेव्हा ती एक वाक्य बोलली, मी चाळीस बोललो, ती पर्स उचलून गेली. जीव तुटत होता हो माझा, पण तोंड ऐकेल तर ना! तर या पुडीच्या दिवसांत ती आईला भेटायला आली, मला बघून दारातच थबकली, आणि मी म्हणालो, ये, बस. बायकोच्या हातातला पेला पडला. मग पोर दर रविवारी यायला लागली. माझ्यासमोर खुर्ची ओढून दोन-दोन तास बोलायची, डोळे पुसायची, हसायची, जाताना माझा हात घट्ट धरायची. आणि बोलायची काय? शपथेवर सांगतो, एक अक्षर कानात जात नव्हतं. तिचं तोंड हलताना दिसायचं, कानात नुसतं टाकीतलं पाणी. माझंही तोंड हलायचं म्हणे. उघड... मीट... त्यांना वाटायचं, मी हुंकार देतोय.

मग मासे विक्रीला काढायचा दिवस आला. एरवी जाळं पडलं की मासा जीव तोडून पळतो, ओढणाऱ्यांचे खांदे निखळतात. त्या दिवशी ओल्या चादरी ओढाव्यात तसं जाळं यायला लागलं. एक मासा बाहेर राहिला होता, चांगला मोठा, सगळी टाकी त्याला मोकळी. तो वळला, सावकाश आला, जाळ्याची कड शोधली आणि आत जाऊन इतरांशेजारी उभा राहिला. मालक खूश. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बघा, ताण शून्य." मला आत कुठेतरी कळत होतं की आता ओरडायला पाहिजे. आवाजच निघेना. अहो, जाळं बघून पळायचं तर ताण नको का माशाला?

त्या दिवसापासून चिमूट बंद, बायकोलाही सांगून टाकलं, माझा थंडपणा म्हणजे त्या पुडीची करामत होती. चौथ्या दिवशी बुटाची नाडी तुटली आणि मी नाडीला अशा शिव्या हासडल्या, अशा हासडल्या, काय बरं वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, आता रविवारी पोरीचं नीट ऐकायचं.

ती आली, बसली, आणि ऐकू आलं, अगदी स्वच्छ. म्हणाली, "बाबा, घर सोडलं मी. नवऱ्याला तसं सांगितलं. तुम्हीच म्हणालात ना, जा म्हणून."

मी? मी म्हणालो? कधी? कोण बोललं माझ्या तोंडानं? दोन मिनिटं धीर धरला हो, खरंच धरला, आणि मग जो सुटलो... तिचा चेहरा उतरला. हात पर्सकडे गेला. तेवढ्यात बायको आतून आली, हातात वाटी, वाटीत पांढरी पूड. रखवालदाराकडून मागवून ठेवली होती तिनं.

"थांब गं," ती मुलीला म्हणाली, "बाबांचं आज घ्यायचं राहिलंय."

दोघी माझ्याकडे बघत उभ्या. राग ठेवला तर पोर जाते, पोर ठेवली तर मी जातो. कुणी हात धरला नव्हता, दार सताड उघडं होतं. मी आपणहून उठलो आणि वाटीत बोट घातलं.

आता रविवारची रविवारी घेतो, मंगळवारपर्यंत उतरते, म्हणून तर तुमच्याशी बोलतोय. पोर येते, भरभरून बोलते. परवा बायको जरा रुसूनच म्हणाली, मला मेली काही सांगत नाही, म्हणते माझ्या मनातलं सगळं फक्त बाबांना ठाऊक आहे, काय सांगते हो ती एवढं? आता काय सांगू हिला? म्हटलं, बाप-लेकीचं आहे, तुला नाही सांगता येणार.