वकिलाच्या माणसानं माग चालू करायला लावले

आमच्या दादाला पोलिसांनी नेलं होतं ना, तेव्हाचं सांगते. दादा कामाला होता त्या यंत्रमागाच्या कारखान्यात, माग चालू असतानाच, एका कामगाराचं डोकं फुटलं आणि शेजारच्या मागावरच्या माणसानं जबाब दिला, "ह्यानंच 'आज तुला सोडत न्हाय' म्हटलं. मी ह्याच्या पाठीमागंच हुतो, कानानं ऐकलं."

खरंखोटं तपासायला दादाच्या वकिलांनी एक माणूस पाठवला. मला वाटलं, दादाबद्दल विचारील. तर म्हणाला, "ताई, कारखाना दाखवा." बाळाला कडेवर घेऊन गेले. मालकाला विचारून त्यानं सगळे माग चालू करायला लावले आणि त्या खडखडाटात माझ्यापुढं उभा राहून काहीतरी बोलला. माग थांबल्यावर विचारलं, "काय म्हणालो?"

"बाळाला टोपी घाला, म्हणालात की."

त्याचा चेहराच उतरला. "ऐकू आलं?"

"न्हाय, ओठांवरनं कळलं. लग्नाआधी मी हितंच मागासाठी सुताच्या कांड्या भरायचे. मागावर आमी सगळे असंच बोलतो."

बोलून गेले आणि जीभ चावली. दादाला मीच अडकवलं की काय?

तो मात्र वहीत लिहीत होता. मग पुन्हा माग चालू केले. ह्या वेळी तो माझ्याकडं पाठ करून ओरडला. खांदे हलले तेवढे दिसले.

"आता काय म्हणालो?"

"तोंडच दिसलं न्हाय, तर कळणार कसं?"

"झालं तर," वही मिटत तो म्हणाला, "वकीलसाहेब त्या पाठीमागच्या साक्षीदाराला एवढंच विचारतील."