हायड्राचे वाईट दिवस

लातूरच्या एसटीत पुनमच्या पुढच्या बाकावर एक पोरगी जीवशास्त्र घोकत होती आणि तिची आत्या भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. लोहा मागं पडलं तसं पुनमनं स्वतःचं पुस्तक मिटलं. पुढचं जास्त रंगलं होतं.

“लुंबिनी, रविवारी पाहुणे तुला बघायला येऊन राहिलेत, अन् तू काय पुटपुटून राहिलीस?”

“हायड्रा, आत्या. तळ्यातला दोऱ्याएवढा जीव.”

“त्यानं काय केलं?”

“पोटभर खायला असलं की त्याच्या अंगालाच कोंब फुटतो. कोंब सुटला की झालं लेकरू.”

“अन् नवरा?”

“लागतच न्हाई. थंडी पडली, उपासमार झाली, की मग अंगातल्या साध्या पेशींपासून जननपेशी होतात. लई हायड्रांत एकाच अंगावर वर शुक्राणू, खाली अंडं.”

“एकाच अंगावर? मग पोरगी झाली तर सासू शिव्या कुणाला देती?”

“सासूच न्हाई त्याला.”

“नशीबवान हाय मेला!”

“म्हणून म्हणते आत्या, वाईट दिवस आल्याबिगर हायड्रासुद्धा ह्या भानगडीत पडत न्हाई. माझे कुठं आलेत? बारावीची परीक्षा तोंडावर हाय. बाबा तुझंच ऐकतात.”

आत्यानं उरलेल्या शेंगा पदरात बांधल्या आणि भावाला फोन लावला.

“केरबा, तो पोरगा काय करतो म्हणालास? ... घरीच बसून? अन् बायको शोधून राहिलाय? ... मग वाईट दिवस त्याच्यावर आलेत, बाबा, आपल्या पोरीवर न्हाई. येऊ नका म्हणून सांग त्यांना.”