पारणं होईपर्यंत

दोंडाईचा स्टँडवर धुळ्याच्या गाडीची वाट पाहत आबेदा बसली होती. शेजारी रोजा धरलेला तिचा नवरा अय्युब रुमालानं सारखा घाम पुसत होता. मागच्या बाकावर दोन बायका बोलत होत्या.

“जतनबाई, तुमच्या यजमानांना झालं तरी काय होतं?”

“तिसरा उपास होता त्यांचा. सकाळपासून जबडा दुखत होता, डावा हात जड पडला होता.”

“आणि छाती?”

“छातीत काहीच नाही. नुसता दरदरून घाम. म्हटलं, दवाखान्यात चला. तर म्हणाले, उपासाचा अशक्तपणा आहे, उद्या पारणं झालं की जाऊ.”

“मग?”

“मग काय, मीही मेली पारण्याचे मूग भिजत घालत बसले. डॉक्टर म्हणाले, जबडा दुखला तेव्हाच धावत आणायचं होतं.”

“अगं बाई!”

“त्यांचं क्रियाकर्म उरकून स्वयंपाकघरात गेले, तर मुगांना मोड आले होते.”

आबेदा नवऱ्याकडे वळली.

“अहो, दाढ अजून दुखतेय?”

“दाढ कसली, अख्खा जबडाच. आता हातालाही मुंग्या येताहेत. रोजा सुटला की दाखवू.”

“नाही. आत्ता. रिक्षा! ओ रिक्षावाले भाऊ!”