पांगाऱ्याची फळी

पाटणच्या स्टँडवर चिपळूणची गाडी लागायची होती. शेजारच्या बाकावर एक नवराबायको बसले होते. मध्ये गोधडीत गुंडाळलेली छातीएवढी उंच फळी उभी होती.

"आवं, ही बुडायची न्हाई न्हवं?"

"पांगाऱ्याची हाय. अंकिताला पवायला शिकीवलं तवा तिच्या पाठीला काय बांधलं हुतं?"

"पांगाऱ्याचाच ओंडका. पर ती आपली हीर हुती. आता लेक समुद्राच्या लाटंवर पालथी पडणार म्हंती."

"फळी छातीखाली धरायची. लाटच आणती काठाला."

"माघारी बी न्हेत आसंल की."

"कोपरं गोल घासलीत, तेल पाजलंय. कॅनॉलात मी सवता पडून बघितलं."

"कॅनॉलात लाट कुठली?"

"सगळी फौजेतली नोकरी बर्फात गेली. लाट मी बी बघितली न्हाई."

"मग न्हेताय कशाला?"

"न्हाई दिली तर इकतची घील. ती कुणी केली, कशाची केली, कुणाला ठावं?"

"ही पिशवी धरा जरा. हात भरून आला."

"काय घातलंयस एवढं?"

"हिरीचा दोर. तवा तुमी काठावर धरून हुबं हुतासा, म्हणून माझा जीव थाऱ्यावर हुता. आता मी धरणार."

"आगं, समुद्राला पुरंल व्हय त्यो?"

"शेजारच्या शालूबाईचा बी मागून आणलाय."

"दोन्ही दोर काढ हिकडं. गाठ मी मारतो, तुझी सुटती."