चौथ्याचं गरम पाणी

—नाही नाही, मला आज काही घ्यायचं नाही, तुम्ही नुसतं ऐका. संध्याकाळी एक गृहस्थ येतील — काठी, कानटोपी, कपाळाला आठ्या — आमचे सासरे. सहा लिटरचा गीझर मागतील. तुम्ही म्हणायचं, सहाचा संपला, पंचवीसचाच उरलाय. एवढंच! का म्हणजे? घरात माणसं चार — सासरे, सासूबाई, बायको नि मी — आणि अंघोळीला माझा नंबर शेवटचा. सहा लिटरमध्ये माझ्या वाट्याला काय येणार, बर्फ? काल जुना गीझर गळायला लागला, तर म्हातारा काय म्हणाला — "आम्हा दोघांना सहाचा पुरे." दोघांना! मी समोर बसलोय, हातात दुसरा चहा! बायकोला यातलं काही माहीत नाही हं, ती सकाळीच निळी छत्री घेऊन मैत्रिणीकडे गेलीय.

घरजावई? छे हो! आमच्या घरचा गीझर बिघडला म्हणून आलो होतो, आठ दिवसांपुरते. कधी? ...झाले आता आठ महिने. पण घाईघाईत घेऊन कसं चालेल? दर शनिवारी तुमच्याकडे येऊन बघतोच की — सोलर घ्यावा तर गच्चीला कुलूप, गॅसचा घ्यावा तर बायको घाबरते — म्हणजे खरं तर मीच घाबरतो — आणि विजेचा घ्यावा तर उभा की आडवा? सोपं आहे का? शिवाय आमच्या घरी "जावईबापू, पाणी तापलंय हं" अशी हाक कोण मारणार? सासूबाई मारतात. टॉवेलसुद्धा दारावर टाकून ठेवतात. आई गेल्यापासून असं कुणी... जाऊ द्या. रडत नाहीये, तुमचा पंखा धूळ उडवतो.

काय? सकाळीच येऊन गेले? सहाचा नेला? — आणि पंचवीसचाही? दोन्ही? अरे वा! विरघळला म्हातारा! मी उगाच वाईटसाईट बोललो हो त्यांना. बघू पावती. सहाचा त्यांच्या घरी, बरोबर. पंचवीसचा... चौथा मजला, जिन्यालगतचं दार... अहो, हा तर आमचा पत्ता!

थांबा, बसवायला माणूस पाठवू नका, घर बंद आहे — बसवून झाला? कसा होईल? किल्ली एकच, ती बायकोच्या पर्समध्ये! मग दार उघडलं कुणी? एका बाईंनी?

...निळी छत्री होती का हो त्या बाईंकडे?